वाळवंटातली नॅशनल पार्कं गाडीने बघायची आहेत? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी युटा-ॲरिझोनाची सगळी तयारी

आम्ही राहतो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला. ही ट्रिप आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा जुलैत, मी आणि नवरा, आठ दिवसांत सात पार्कं. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात, आई-बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा, निवांत बारा दिवस. पहिल्या ट्रिपचे फोटो भरपूर आहेत पण झायॉन म्हटलं की मला आठवतं ते पार्किंग शोधत घातलेल्या चकरा आणि तापलेलं स्टिअरिंग, आणि दुसऱ्या ट्रिपमधलं मात्र बाबा ब्राइसच्या कड्यावर शाल गुंडाळून गप्प उभे होते तेसुद्धा जसंच्या तसं डोळ्यासमोर आहे. दोन्हींत फरक फक्त तयारीचा होता. दर उन्हाळ्यात ओळखीतलं कोणीतरी फोन करून तेच प्रश्न विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वाळवंटात तुमचा दिवस दोन तुकड्यांचा असतो. पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत एक, आणि चार वाजल्यापासून सूर्य मावळेपर्यंत दुसरा. मधला वेळ गाडी चालवायला, जेवायला, झोपायला. हे मान्य केलं की कुठे किती रात्री राहायचं ते आपोआप ठरतं.

१. कधी जायचं

एप्रिल ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. बास. जून-जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना सुट्ट्या असतात म्हणून आपले लोक तेव्हाच जातात, पण तेव्हा युटातल्या मोॲब गावात दुपारी १०० फॅरनहाइटच्या वर जातं, म्हणजे आपलं ३८ च्या पुढे, आणि सावली म्हणून काही नसतं. शिवाय जुलै ते सप्टेंबर तिकडचा मान्सून असतो. आपल्यासारखा दिवसभर रिपरिप नाही, दुपारी ढग येतात आणि तासाभरात सगळं ओतून जातात. त्याचं पुढे सविस्तर लिहिलंय, ते वगळू नका.

डेथ व्हॅली या ट्रिपमध्ये घालू नका. व्हेगासपासून दोन-सव्वादोन तासांवर आहे म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण ती नोव्हेंबर ते मार्चमधली जागा आहे. १० जुलै १९१३ ला तिथे फर्नेस क्रीकला १३४ फॅरनहाइट म्हणजे ५६.७ सेल्सिअस नोंदलं गेलं होतं, पृथ्वीवरचा हवेच्या तापमानाचा तोच अधिकृत विक्रम आहे. बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात चालू नका असं पार्कच सांगतं. थँक्सगिव्हिंग किंवा ख्रिसमसला वेगळी तीन दिवसांची ट्रिप करा, खूप सुंदर दिसते.

२. रूट आणि दिवस

पहिल्यांदा जाणाऱ्याला व्हेगासहून निघून व्हेगासलाच परत येणारं वर्तुळ सगळ्यात सोपं. विमानं स्वस्त मिळतात, गाड्या भरपूर असतात, आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे जास्तीचे पैसे वाचतात. आम्ही असं केलं:

व्हेगास ते झायॉन १६० मैल, स्प्रिंगडेल गावात दोन रात्री
झायॉन ते ब्राइस ८५ मैल, एक रात्र
ब्राइस ते कॅपिटल रीफ हायवे १२ ने १२० मैल, टोरी गावात एक रात्र
तिथून मोॲब १४५ मैल, तीन रात्री (आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन पार्कं इथून)
मोॲब ते मॉन्युमेंट व्हॅली १५० मैल, एक रात्र
मॉन्युमेंट व्हॅली ते ॲरिझोनातलं पेज गाव १२५ मैल, एक रात्र (अँटिलोप कॅन्यन ही अरुंद दगडी घळ आणि हॉर्सशू बेंड हा नदीच्या वळणाचा पॉइंट इथे)
पेज ते ग्रँड कॅन्यन साउथ रिम १३५ मैल, दोन रात्री
आणि शेवटी व्हेगास, २८० मैल

आकडे अंदाजे धरा. बेरीज बाराशे मैल होते, पण पार्कांच्या आत फिरणं, जेवायला गावात येणं, पहाटे पॉइंटवर जाणं हे सगळं धरून आमचे अठराशेच्या आसपास झाले. तेवढे दिवस नसतील तर अर्धं वर्तुळ करा, झायॉन-ब्राइस-पेज-ग्रँड कॅन्यन, सात दिवसांत आरामात होतं. सगळं वर्तुळ सात दिवसांत कोंबू नका, आम्ही आठ दिवसांत तेच केलं होतं आणि रोज दुपारच्या उन्हात पार्कात पोचायचो आणि संध्याकाळचा चांगला उजेड पुढच्या गावाच्या रस्त्यावर घालवायचो.

हायवे १२ बद्दल थोडं जास्त लिहिते कारण बरेच जण मॅपवर वेळ वाचतो म्हणून इंटरस्टेट घेतात आणि हा रस्ता हुकतो. एस्कलांटे आणि बोल्डर या दोन गावांच्या मध्ये रस्ता एका अरुंद कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना खोल दरी आणि कठडा नाही. आपल्याकडे वरंधा, आंबेनळी चालवलेल्यांना वळणांची भीती वाटणार नाही, पण उघडेपणा अंगावर येतो, त्यामुळे दिवसाउजेडी आणि सावकाश. पुढे बोल्डर माउंटनवर तो साडेनऊ हजार फुटांच्या वर चढतो. ऑक्टोबरात तिथे ॲस्पनची झाडं पिवळीधमक होती, आईने तीनदा गाडी थांबवायला लावली. कॅपिटल रीफमध्ये फ्रुटा म्हणून जागा आहे, मॉर्मन पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागा तिथे अजून आहेत आणि हंगामात थोडे पैसे देऊन स्वतः फळं तोडता येतात. या पार्कात गर्दी कमी असते, माझं सगळ्यात आवडतं.

राहायचं बुकिंग लवकर करा. ग्रँड कॅन्यनच्या आतल्या लॉजचं बुकिंग १३ महिने आधी उघडतं. आत नाही मिळालं तर बाहेर तुसायान गाव आहे. फुकट कॅन्सल करता येणारंच घ्या.

३. कागदपत्रं आणि पास

हे एका पाकिटात, गाडीत हाताशी:

चालवणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स, आणि भारतातून आलेला कोणी चालवणार असेल तर मूळ भारतीय लायसन्स अधिक इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट
पासपोर्ट, निदान आई-बाबांचे तरी मूळ
गाडीचा करार आणि इन्शुरन्सचा कागद
आई-बाबांचा ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स, त्याचा फोन नंबर कागदावर लिहिलेला
नॅशनल पार्क पास आणि सोबत फोटो आयडी
सगळ्या बुकिंगच्या छापील प्रती, नेटवर्क नसताना मेल उघडत नाही

इंटरनॅशनल परमिट भारतातूनच काढून आणावं लागतं. आपल्या आरटीओकडून मिळतं, फॉर्म ४ए, एका वर्षासाठी वैध असतं. इथे येऊन आठवलं तर उपयोग नाही.

पासचं नीट वाचा कारण नियम बदललेत. आम्ही गेलो तेव्हा ८० डॉलरच्या एका वार्षिक पासवर चौघंही गेलो. १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा पास फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांना मिळतो आणि त्यासाठी इथलं सरकारी फोटो आयडी दाखवावं लागतं, बाहेरून येणाऱ्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. आणि ज्या परदेशी पाहुण्याकडे वार्षिक पास नाही त्याला अकरा मोठ्या पार्कांत नेहमीच्या फीशिवाय माणशी १०० डॉलर जास्तीचे पडतात, सोळा वर्षांखालच्यांना नाही. या अकरांत झायॉन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन तिन्ही आहेत. म्हणजे आई-बाबांबरोबर जात असाल तर गाडीतल्या प्रत्येक माणसाचा हिशोब निघायच्या आधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर बसून करा, गेटवर नको, मागे रांग असते आणि डोकं चालत नाही.

हा पास मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यनला चालत नाही, दोन्ही नाव्हाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहेत, तिथे त्यांची फी द्यायची. हॉर्सशू बेंडचं पार्किंग पेज शहराचं, तिथेही चालत नाही. आणि बऱ्याच पार्कांत रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा.

४. गाडी

चौघं आणि बॅगा असतील तर मध्यम एसयूव्ही पुरे. फोर व्हील ड्राइव्ह लागतेच असं काही नाही, वर लिहिलेला सगळा रूट डांबरी आहे. मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा आतला रस्ता तेवढा कच्चा आहे, आणि बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गेलात तर इन्शुरन्स लागू नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे नाव्हाहो गाइडची जीप घ्या. ते लोक तिथेच वाढलेले असतात, कुठल्या दगडाला काय म्हणतात, का म्हणतात ते सांगतात.

काउंटरवरून गाडी ताब्यात घेताना या चार गोष्टी बघा: स्टेपनी आहे का (बऱ्याच नव्या गाड्यांत नुसता पंक्चरचा डबा असतो), टायरची हवा आणि नक्षी, एसी, आणि चारही बाजूंनी व्हिडिओ. आमच्या पहिल्या गाडीत स्टेपनी नव्हती आणि ते आम्हाला कळलं एका निर्मनुष्य रस्त्यावर टायर बसल्यावर, दोन तास ताटकळलो. दुसऱ्यांदा काउंटरवर डिकी उघडून दाखवा म्हटलं आणि गाडी बदलून घेतली.

पेट्रोलचे सापळे, हे फार कोणी सांगत नाही:

युटात पंपावर सगळ्यात स्वस्त म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. गाडीच्या झाकणावर ८७ लिहिलं असेल तर ८७ च घाला.
बऱ्याच पंपांवर हिरव्या हँडलचा पाइप डिझेलचा असतो. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.
पंपावर कार्ड घातलं की झिप कोड म्हणजे इथला पिनकोड मागतो, भारतातलं कार्ड तिथे अडतं. आत जाऊन आधी पैसे भरायचे आणि पंपाचा नंबर सांगायचा.
काटा अर्ध्यावर आला की भरायचं, पाव टाकीची वाट बघायची नाही. कोणी व्हेगासहून सरळ मोॲबला जात असेल तर इंटरस्टेट ७० वर सलायना ते ग्रीन रिव्हर जवळजवळ ११० मैल काहीही नाही, पंप नाही, दुकान नाही. सलायनाला टाकी फुल करून आणि बाथरूमला जाऊनच निघा.

५. पाणी आणि खाणं

माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर. चौघांना रोजचे चार गॅलन. व्हेगासच्या दुकानातून एक-एक गॅलनचे कॅन घ्या, आणि त्यातले दोन कॅन गाडी बंद पडली तर म्हणून मागे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला तहान लागली नाही असं वाटत राहतं. बाबा पहिल्या दिवशी "मला नको, मला सवय आहे उन्हाची" म्हणत होते. साताऱ्याचं ऊन वेगळं. संध्याकाळी डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला आईने बाटली पुढे करायची असं ठरलं. नुसतं पाणी पण नको, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएसची पाकिटं, आणि मधेमधे खारट काहीतरी तोंडात टाकायला.

आम्ही दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा आणि डिंकाचे लाडू नेले होते. छोटा राइस कुकर गाडीत होता, रात्री हॉटेलच्या रूमवर मऊ भात-मेतकूट-तूप. हॉटेलला आधी विचारा, काही ठिकाणी रूममध्ये शिजवू देत नाहीत. या छोट्या गावांत शाकाहारी माणसाला पिझ्झा, चीज सँडविच आणि बीन्सचा बरिटो एवढंच मिळतं आणि रात्री आठ-साडेआठला सगळं बंद होतं. मोॲब सोडलं तर उशिरा जेवण मिळेल असं गृहीत धरू नका. नाव्हाहोंच्या हद्दीत दारू विकायला आणि बाळगायलाही बंदी आहे, व्हेगासहून घेतलेली बाटली डिकीत राहिली असेल तर लक्षात ठेवा.

६. नेटवर्क नाही असं समजूनच निघा

घरून निघायच्या आधी युटा आणि ॲरिझोनाचे ऑफलाइन नकाशे डाउनलोड करा, आणि एक कागदी नकाशा घ्या, पार्कच्या गेटवर फुकट मिळतो तो फक्त पार्कापुरता असतो. जीपीएसने शॉर्टकट दाखवला आणि डांबर संपलं की तिथेच वळा. पुढे बरा होईल म्हणून कच्च्या रस्त्यावर जात राहिल्याने माणसं गेली आहेत, डेथ व्हॅलीत तर विशेष. आणि गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर त्यातून सॅटेलाइटवर मदतीचा मेसेज जातो, कसा पाठवायचा ते घरीच डेमोवर करून बघा.

रोज सकाळी आज कुठून कुठे आणि किती वाजता पोचणार हे एका माणसाला कळवा. आम्ही फ्रिमाँटच्या मैत्रिणीला पाठवायचो.

७. घड्याळ

यात भलेभले फसतात. नेवाडातून युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही, म्हणून तेव्हा पेज हे युटापेक्षा एक तास मागे असतं. पण ॲरिझोनातच असलेली नाव्हाहोंची हद्द घड्याळ बदलते, म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली युटाच्या वेळेवर. आणि पेजला लागून असलेल्या अँटिलोपच्या टूर मात्र जमीन नाव्हाहोंची असूनही पेजच्या वेळेवर चालतात. पेजला फोन कधी युटाचा टॉवर पकडतो कधी ॲरिझोनाचा, आणि वेळ आपली आपली उडी मारते.

पहिल्या ट्रिपला आम्ही उलट्या बाजूने, पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो. चारची जीप होती, पावणेचारला पोचलो, तिथे पावणेपाच वाजले होते. जीप गेलेली आणि पैसेही गेले. फोनची ऑटोमॅटिक वेळ बंद करा, एक हातातलं घड्याळ ठेवा, आणि प्रत्येक बुकिंग करताना "ही वेळ कुठली" हे विचारून कागदावर लिहा.

८. पार्कात गेल्यावर

झायॉन: मुख्य दरीचा रस्ता वर्षातला बहुतेक काळ खाजगी गाड्यांना बंद असतो, फुकट शटल असते. सकाळी सातच्या आधी पार्किंग गाठा, नाहीतर स्प्रिंगडेलमध्ये गाडी ठेवून गावाच्या शटलने या. एंजल्स लँडिंगला १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं, लॉटरी असते. साखळी धरून, दोन्ही बाजूंना दरी असलेली वाट आहे, गडकोट फिरलेल्यांना जमेल पण गर्दीत समोरून उतरणारे लोकही तीच साखळी धरतात, हे लक्षात घ्या. आई-बाबांना शटलच्या शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक करवा, जाऊन-येऊन सव्वादोन मैल, बहुतेक पक्की वाट, बाजूला नदी. ब्राइसकडे जाताना १९३० साली पूर्ण झालेला, मैलापेक्षा थोडा लांब बोगदा लागतो, मोठी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली असेल तर त्याचे निर्बंध आधी बघा.

ब्राइस: वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे नेले तर कुडकुडाल. कळसूबाईचं शिखर ५४०० फुटांवर आहे, ब्राइसची कडा आठ ते नऊ हजारांवर. ऑक्टोबरात पहाटे गोठणबिंदूच्या आसपास होतं. कानटोपी, जाकीट, हातमोजे. ते लाल सुळके तयारच या थंडीने झालेत, दिवसा भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं, वर्षानुवर्षं. चढताना धाप लागते, बीपीची गोळी घेणाऱ्यांनी हळू.

आर्चेस: गेल्या काही वर्षांत इथे आत शिरायची वेळ आधी बुक करावी लागायची आणि हा नियम बदलत राहतो, जायच्या वर्षाचा बघा. डेलिकेट आर्च या दगडी कमानीला जाऊन-येऊन तीन मैल, उघड्या कातळावरचा चढ, सावली शून्य. संध्याकाळी जा आणि परतीला प्रत्येकाकडे टॉर्च हवा, फोनचा नको, खरा.

कॅन्यनलँड्स: आयलंड इन द स्काय भागात जा. आत खाणं मिळत नाही. मेसा आर्च या कमानीला सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा.

ग्रँड कॅन्यन: वरच्या कड्यावरून बघणं सगळ्यांना जमतं, शटल आहे, व्हीलचेअर जाते. खाली उतरायचं असेल तर उलटा गड आहे हे लक्षात ठेवा. राजगडाला आधी चढतो आणि दमलेले असताना उतरतो, इथे आधी मजेत उतरतो आणि दमल्यावर चढायचं असतं, तेही दुपारच्या उन्हात. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका.

सगळीकडे: ड्रोन बंद आहेत. दगड उचलून आणायचे नाहीत. खारींना खाऊ घालायचा नाही, चावतात. आणि युटात वाटेच्या बाजूला काळपट, खडबडीत, ढेकळांसारखी माती दिसेल, ती जिवंत आहे, सूक्ष्म जीवांनी बांधलेला थर आहे तो. फोटोसाठी एक पाऊल टाकलं तरी भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. वाटेवर किंवा उघड्या दगडावरच चाला.

९. पूर

वाळवंटात पाण्याने माणूस जातो हे आई-बाबांना सांगितलं तर त्यांना पटेना. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता, तो बराच लांब, वरच्या अंगाला पडला होता. कडक जमीन पाणी पीत नाही, सगळं पाणी अरुंद घळीत येतं. त्यामुळे कुठल्याही घळीत किंवा झायॉनच्या नॅरोजमध्ये, म्हणजे नदीच्या पात्रातून जाणाऱ्या अरुंद दरीत, शिरायच्या आधी त्या सकाळी व्हिजिटर सेंटरला पुराचा अंदाज विचारायचा, रोज लावलेला असतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या यायला लागल्या, घोंघावल्यासारखा आवाज आला तर सामान सोडून उंचावर चढायचं. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, तासा-दोन तासांत ओसरतं. अँटिलोपला गाइडशिवाय जाताच येत नाही, आणि गाइडने ढग बघून टूर रद्द केली तर हुज्जत घालू नका.

१०. अंधार पडायच्या आत मुक्कामाला

युटात संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, आणि बऱ्याच भागांत गुरं मोकळी सोडलेली असतात, कुंपण नसतं. काळी गाय काळ्या रस्त्यावर दिव्यांत येईपर्यंत दिसत नाही. आम्ही नियम केला होता की दुसऱ्या गावाला जायचं ते दुपारच्या मधल्या वेळातच, आणि सूर्यास्तानंतर फक्त पार्क ते हॉटेल, तेही हळू. टोरीला हॉटेलच्या मागे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो होतो, आकाशगंगा इतकी स्वच्छ होती की आई म्हणाली, लहानपणी अंगणात झोपायचो तेव्हा असं दिसायचं. बाबांना सप्तर्षी सापडले नाहीत, ऑक्टोबरात संध्याकाळी ते क्षितिजाला टेकलेले असतात. त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये या.